नंदुरबार ते जळगाव: शाळकरी वकिलांसोबत तापी लाइनवरून

अभिरूप खटल्याच्या (मॉक ट्रायल, म्हणजे मुलांनीच वकील आणि साक्षीदार होऊन चालवायचा काल्पनिक खटला) आंतरशालेय स्पर्धेला संघ घेऊन निघायचं, तर वक्तृत्व स्पर्धेसारखं एक भाषण पाठ करून आणि एक ओळखपत्र खिशात घालून भागत नाही. नंदुरबार स्टेशनवर आम्ही जमलो तेव्हा मुलांच्या कपड्यांपेक्षा कागदांचं ओझं जास्त होतं. प्रत्येक मुलाकडे केसचा संच (खटल्यासाठी लिहून दिलेले जबाब, अहवाल आणि पुराव्याचे कागद) असलेली स्वतःची फाईल, पानांना हाताने घातलेले क्रमांक आणि प्रत्येक साक्षीदाराच्या जबाबाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी. पुराव्याच्या कागदांच्या प्रती चार लागतात: न्यायाधीशांना, साक्षीदाराला, समोरच्या संघाला आणि आपल्याला. तीनच प्रती नेल्या की साक्षीदाराच्या हातातला कागद परत मागत मुलगा मधोमध उभा राहतो, आणि घड्याळ काही थांबत नाही. घटनास्थळाचा नकाशा मोठ्या कागदावर काढून गुंडाळून घ्यावा, त्याला घडी घालू नये. घडीच्या रेघा नेमक्या विहिरीवरून आणि बांधावरून जातात. स्टॉपवॉच दोन. मोबाईल वेळेसाठीही वापरू देत नाहीत. पोशाख म्हणजे शाळेचा गणवेश किंवा पांढरा शर्ट आणि काळा कोट. बँड आणि गाऊन नको, तो नोंदणीकृत वकिलांचा पोशाख आहे.

हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. डब्याच्या खिडकीतून लाल शेतंच दिसतात, आणि वाऱ्याची दिशा चुकली तर दोंडाईचापर्यंत शिंका थांबत नाहीत. ज्यांना बोलायचं आहे त्यांना खिडकीपासून लांब बसवलेलं बरं. गाडीच्या खडखडाटात निवेदनाचा सराव करण्यात अर्थ नाही. मुलं ओरडायला लागतात आणि तीच पट्टी न्यायदालनात लागते. डब्यात करण्यासारखं काम म्हणजे जबाबांची सूची. एकाने जबाबातलं एक वाक्य वाचायचं, बाकीच्यांनी पान आणि ओळ सांगायची. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा करत अमळनेर येईपर्यंत संच दोनदा फिरून होतो. पान चटकन न सापडणं हे हरण्याचं सगळ्यात साधं कारण असतं.

हा खेळ मूळ अमेरिकेतल्या शाळांचा. तिथे माध्यमिक शाळांची राष्ट्रीय स्पर्धा १९८४ पासून होते. एका बाजूने तीन वकील आणि तीन साक्षीदार, दोन्ही बाजूंना एकच केस, आणि कोणत्याही फेरीत कोणतीही बाजू मांडायची तयारी. तिथल्या वेळा मोजक्या: प्रारंभिक निवेदनाला ५ मिनिटं, तिन्ही साक्षीदारांच्या सरतपासणीला (आपल्याच साक्षीदाराला प्रश्न) मिळून २५, उलटतपासणीला (समोरच्याच्या साक्षीदाराला प्रश्न) २०, अंतिम युक्तिवादाला ५. आमच्या स्पर्धेत सरतपासणी २० आणि उलटतपासणी १५ वर आणलेली होती. म्हणजे दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटं. हरकत घेतली की घड्याळ थांबवतात, त्यामुळे फेरी प्रत्यक्षात दोन तासांच्या जवळ जाते. दिवसात दोनपेक्षा जास्त फेऱ्या ठेवणाऱ्या आयोजकांनी तिसऱ्या फेरीतली मुलांची तोंडं एकदा पाहावीत.

आपल्याकडे विधी महाविद्यालयांत अभिरूप न्यायालय अभ्यासक्रमाचाच भाग आहे, पण तिथे बहुतेक वेळा अपिलातला कायद्याचा मुद्दा मांडायचा असतो, साक्षीदार नसतो. शाळकरी मुलांना साक्षीदार असलेला खटलाच द्यावा. कायद्याची पुस्तकं त्यांना पेलत नाहीत, पण कोण खोटं बोलतंय ते बरोबर कळतं.

आमची केस चोपडा तालुक्यात बेतलेली होती. रात्रीतून केळीची निसवलेली बाग कापली, आरोपी बांधाला बांध लागलेला शेजारी. आरोप भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली आगळीक, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं मुद्दाम केलेलं नुकसान. या कलमात नुकसानीच्या रकमेला मोठं महत्त्व आहे: वीस हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. संचात पंचनामा ३०० खोडं सांगतो, तलाठ्याचा अहवाल २१०, आणि खोडाचा दर ४०० रुपये धरलेला. गुणाकार केला की एक आकडा १,२०,००० येतो, दुसरा ८४,०००. केस लिहिणाऱ्याने फट मुद्दाम ठेवली आहे हे उघड होतं. तरी निम्मे संघ ‘आरोपी तिथे नव्हताच’ एवढ्यावरच अडून बसतात आणि खोडं मोजतच नाहीत.

अमळनेरला उतरून दुपारपर्यंत न्यायालयात बसायचं, हा या प्रवासातला सगळ्यात उपयोगी भाग. फौजदारी न्यायालय कायद्यानेच खुलं असतं, बंद दालनात चालणारी प्रकरणं सोडून. तरी शाळेचं पत्र आधी पाठवावं, शक्यतो स्थानिक वकील संघातल्या कुणामार्फत, आणि आठ-दहापेक्षा जास्त मुलं एका दालनात नेऊ नयेत. मोबाईल बंद, मागच्या बाकावर बसायचं, न्यायाधीश आले-गेले की उभं राहायचं. सकाळचा वेळ पुकाऱ्यात आणि तारखांत जातो, मुलं कंटाळतात, जाऊ द्यावा. साक्ष सुरू झाली की पाहण्यासारखं असतं ते न्यायाधीश साक्षीदाराचं उत्तर टंकलेखकाला सांगतात ते. प्रश्न-उत्तर असं नव्हे, तर ‘मी त्या दिवशी शेतात होतो’ असं सलग कथन लिहून घेतलं जातं. म्हणून अनुभवी वकील एक प्रश्न विचारतो आणि थांबतो, टायपिंग संपलं की पुढचा. आवाज चढत नाही, टेबलावर मूठ आपटत नाही. वक्तृत्वात ढाली जिंकलेल्या मुलांना हे पाहून धक्का बसतो, आणि तो स्पर्धेआधी बसलेला बरा. साने गुरुजी जिथे शिकवायचे ते प्रताप हायस्कूल इथलंच. वेळ उरला तर जाता येतं.

पुढे धरणगाव, पाळधी, मग गिरणेचा पूल आणि जळगाव. मुक्काम स्पर्धेच्या जागेपासून चालत जाता येईल असाच घ्यावा, सकाळी नऊच्या फेरीला रिक्षा शोधत बसू नये. जेवणाबद्दल एक आग्रह. आदल्या रात्री शेवभाजी नको. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, आणि सकाळी मुख्य वकिलाचा घसा बसलेला. वरण-बट्टी खावी, तीही बेताने. भरीत आणि कळण्याची भाकरी परतीच्या दिवसासाठी राखून ठेवावी. (इथल्या एका झणझणीत डाळीचं नावच फौजदारी आहे, ती तर नाहीच नाही.)

पहिल्या फेरीत जे बिघडतं ते बहुतेक सिनेमातून आलेलं असतं. साक्षीदार गीतेवर हात ठेवायला बघतो. १९६९ च्या शपथ अधिनियमानुसार ईश्वरसाक्ष शपथ घेतात किंवा गांभीर्यपूर्वक सत्यकथन करतात, ग्रंथ लागत नाही. आयोजकांनी न्यायाधीशांपुढे लाकडी हातोडा ठेवलेला असतो. आपल्या न्यायालयांत तो नसतो. आणि ‘मिलॉर्ड’. बार कौन्सिलने २००६ मध्येच संबोधनं ठरवून दिली: उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, खालच्या न्यायालयांत ‘सर’ किंवा त्या-त्या भाषेतला शब्द. मराठीत ‘साहेब’ किंवा ‘मा. न्यायालय’ म्हटलं की पुरे. यासाठी गुण क्वचितच कापतात, पण परीक्षक वकील असतील तर त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

हरकती चार-पाचच पक्क्या कराव्यात: सरतपासणीत सूचक प्रश्न (ज्यात उत्तर आधीच सुचवलेलं असतं), ऐकीव माहिती, तज्ज्ञ नसताना दिलेलं मत, असंबद्ध प्रश्न, आणि संचाबाहेरची माहिती. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १४६ नुसार उलटतपासणीत सूचक प्रश्न चालतात; तिथेही ‘ऑब्जेक्शन, लीडिंग’ म्हणून उठणारा एक मुलगा प्रत्येक स्पर्धेत असतो. हरकत घेताना कारण एका वाक्यात सांगावं आणि न्यायाधीशांकडे पाहावं, समोरच्या वकिलाकडे नाही.

गुण खरे ठरतात ते उलटतपासणीत. रखवालदाराचं उदाहरण घेऊ. तो सांगतो, पाण्याच्या मोटारीच्या खोलीवरच्या बल्बच्या उजेडात आरोपीला ओळखलं. संचात शेतीच्या फीडरचं वेळापत्रक आहे: त्या आठवड्यात वीज दिवसा, रात्री बंद. जळगावच्या फेरीत बचावाच्या मुलीचे प्रश्न असे आले.

“घटना रात्री दीडच्या सुमाराची?”
“हो.”
“खोलीवरचा बल्ब शेतीच्याच लाइनवर आहे?”
“हो.”
“त्या आठवड्यात शेतीची लाइन दिवसा होती?”
“हो.”

इथे खाली बसायचं. उरलेलं अंतिम युक्तिवादात. पण तिसऱ्या ‘हो’नंतर दालनात जी कुजबुज होते, तिनेच घात होतो. पुढचा प्रश्न आलाच: “मग अंधारात ओळखलं कसं?” आणि रखवालदार झालेला मुलगा तयारच होता: “हातात बॅटरी होती ना.”

‘कसं’ आणि ‘का’ विचारलं की साक्षीदाराला मोकळं रान मिळतं, संचाबाहेरचं बोललं म्हणून हरकतही मग नीट घेता येत नाही. तरी यातून वर येता येतं, पायऱ्या पाठ असतील तर. आधी बॅटरीचं विधान पक्कं करून घ्यायचं. मग विचारायचं, पोलिसांना जबाब देताना हे सांगितलं होतं का. तो ‘सांगितलं होतं’ म्हणणार. जबाब दाखवून यात तसा उल्लेख नाही हे समोर ठेवायचं. खऱ्या साक्षीत इथे ठरलेलं उत्तर येतं: ‘ते का लिहिलं नाही, याचं कारण मी सांगू शकत नाही.’ यावर आणखी एकही प्रश्न नको.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, मुलगा जबाब पुढे करून विचारतो, “ही तुमचीच सही ना?” पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसतेच, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम १८१ मध्येच तसं आहे, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात महत्त्वाचा मजकूर वगळला जाणं ही विसंगती ठरू शकते असंही आहे. दुसरी चूक जास्त महागात पडते. रखवालदाराकडून एवढं काढल्यावर तपास अधिकारी साक्षीला येतो, आणि त्याला कुणी विचारतच नाही: “बॅटरीचा उल्लेख या साक्षीदाराने तुमच्यापुढे केला नव्हता, बरोबर?” तो ‘हो’ म्हणेपर्यंत ती त्रुटी शाबीत होत नाही. असं होतं कारण रखवालदार एका मुलाच्या वाट्याला असतो आणि तपास अधिकारी दुसऱ्याच्या, आणि दुसरा मुलगा पहिल्याची उलटतपासणी चालू असताना स्वतःचे प्रश्न पाठ करत असतो. दोन्ही साक्षीदार एकाच मुलाकडे द्यावेत. ते जमत नसेल तर टेबलावर एक कोरा कागद ठेवावा, त्यावर फक्त ‘अधिकाऱ्याला विचारायचं’ एवढंच लिहीत जायचं. आमच्या पाहण्यात चढत्या आवाजाचे संघ उपांत्य फेरीच्या आत गळाले, आणि तो कागद भरणारे पुढे गेले.

साक्षीदारांकडे शाळा दुर्लक्ष करतात. चांगलं बोलणारे वकील होतात आणि उरलेल्यांना साक्षीला उभं करतात. गुणपत्रिकेत मात्र साक्षीदाराला वकिलाइतकेच दहापैकी गुण असतात. रखवालदाराने अहिराणीत बोलावं का, यावर परीक्षकांत एकमत नव्हतं. एका संघाच्या मुलीने “माले ठाऊक नही, साहेब” असं सहज म्हटलं आणि पूर्ण दालन जागं झालं. दोन परीक्षकांनी भरभरून गुण दिले, तिसऱ्याने नोंदीची भाषा मराठी म्हणून कापले. खऱ्या न्यायालयात चोपड्याचा रखवालदार पुस्तकी मराठी बोलत नाही, तेव्हा माझं मत त्या दोघांच्या बाजूने. फक्त पूर्ण साक्ष एकाच बोलीत हवी. सरतपासणी प्रमाण मराठीत आणि उलटतपासणीत अडचण आली की अहिराणी, असं केलं की सोंग वाटतं, आणि समोरच्याने ते एका प्रश्नात उघडं पाडलं तर बोलायला जागा राहत नाही.

निकालानंतर ढालीचे फोटो काढण्याआधी तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिका मागून घ्याव्यात. बहुतेक आयोजक देतात, काही फक्त बेरीज दाखवतात. बेरजेतून काही कळत नाही. साक्षीदारनिहाय रकाने पाहिले की कोणत्या मिनिटाला केस हातातून गेली ते सापडतं. खोडांच्या आकड्यावर बोलणाऱ्या एकाच संघाला तिन्ही परीक्षकांनी अंतिम युक्तिवादात नऊच्या वर दिले होते, आणि तो संघ आरोपीला पूर्ण सोडवायला निघालाच नव्हता. रक्कम लाखाच्या आत आणून थांबला. परतीची गाडी संध्याकाळची असेल तर भरीत बांधून घ्यावं. धुळ्याच्या संघांना एसटीच सोयीची, महामार्गाने नव्वदेक किलोमीटर. आम्ही नंदुरबारकडची गाडी धरली, आणि पाळधी यायच्या आत मुलांनी बाजू बदलून सरकार पक्षाकडून तलाठ्याच्या २१० चा हिशेब खोडायला घेतला.