धुक्याचा पंचनामा

अमरावतीहून सकाळी निघालेल्या प्रवाशांना चिखलदरा दाखवायचे आणि रात्रीच्या जेवणापर्यंत परत आणून सोडायचे, हा माझा पावसाळ्यातील व्यवसाय आहे. गाडी आणि नोंदणी अमरावतीच्या मालकांची असते. मी परतवाड्याजवळच्या खेड्यात राहतो, त्यामुळे आसेगावला पूर्णा ओलांडून गाडी परतवाड्यात आली की मी तीत चढतो आणि तेथून पुढची जबाबदारी माझी. मार्गदर्शकाचे काम म्हणजे बोलणे, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात घाट लागण्यापूर्वी कोणाला मळमळणार आहे हे चेहऱ्यावरून ओळखून त्याला पुढच्या सीटवर बसवणे, धामणगाव गढीच्या रस्त्याने चढायचे की घटांगवरून जायचे हे वर राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन करून ठरवणे आणि स्त्रियांना वापरता येईल असे स्वच्छतागृह कोठे उघडे आहे याची खबर ठेवणे, यांतच दिवसाचा बराचसा भाग जातो.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी गाडीत दर्यापूरकडच्या एका गावात कृषी केंद्र चालवणारे एक गृहस्थ होते. सोबत पत्नी, दोन मुले आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आई. बाकीच्यांमध्ये एका बँकेतील तरुण मंडळी होती आणि एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर सपत्नीक आले होते. कृषी केंद्रवाल्यांनी परतवाड्यातच मला मोबाइलवर आमची जाहिरात दाखवली. तिच्यात हरिकेन पॉइंटवरून दिसणारी दरी होती, निळे आकाश होते आणि समोर गाविलगडाची तटबंदी दगड मोजता यावेत इतकी स्वच्छ दिसत होती. ते म्हणाले, “हे आईला दाखवायचं आहे. तिनं आजवर डोंगर पाहिला नाही.” खारपाणपट्ट्यातल्या सपाट काळ्या जमिनीवर जिचे आयुष्य गेले, तिच्या बाबतीत हे अक्षरशः खरे असू शकते.

गाडीत मी नेहमीप्रमाणे वर काय दिसते ते सांगितले: खोल दरी, पलीकडचा कडा, कड्यावरून पडणारे पाणी आणि त्या पाण्याच्या उजव्या हाताला किल्ल्याची काळी भिंत. एवढे सविस्तर मी का सांगतो, तर पावसाळ्यात वर गेल्यावर समोर काहीच नसण्याची शक्यता असते आणि निदान कोठे काय आहे याचा नकाशा लोकांच्या डोक्यात असावा. त्या दिवशी याच सवयीने माझी पंचाईत केली.

चिखलदऱ्याचे धुके हे खरे म्हणजे धुके नसून ढग असतो. पायनघाटातील, म्हणजे डोंगराखालच्या सपाट वऱ्हाडातील, ओली हवा वाऱ्याबरोबर सातपुड्याच्या या कड्यावर येऊन आदळते, थोड्याच अंतरात शेकडो मीटर वर ढकलली जाते, थंड होते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या या गावात तिचा ढग होतो. म्हणजे पॉइंट म्हणून प्रसिद्ध असलेली बहुतेक ठिकाणे, कड्याच्या अगदी काठावर असल्यामुळे, ढगाच्या वाटेतच उभी आहेत. हा ढग उघडतो कधी, हे ओळखणे ही माझ्या व्यवसायातली एकच गोष्ट आहे जिचा मला अभिमान वाटतो. दरीतून तोंडावर येणारा वारा एकाएकी पडला, धबधब्याचा आवाज जवळ आल्यासारखा वाटू लागला आणि करड्या रंगात पांढरेपणा वाढला, तर दहा-पंधरा मिनिटे जागा सोडू नये. नेमक्या त्याच वेळी लोक कंटाळून मक्याच्या कणसाकडे वळतात आणि उघडीप झाल्यावर ओरडत धावत येतात, तोवर ती मिटलेली असते. आपल्याकडच्या पर्यटकाला पाहण्यापेक्षा पोहोचण्याची घाई अधिक असते. एक पॉइंट झाला की दुसरा, जणू हजेरीपटावर सह्या करायच्या आहेत.

देवी पॉइंटला आम्ही पोहोचलो तेव्हा लोखंडी कठडा दिसत होता आणि कठड्यापलीकडे पांढरा पडदा. खडकाखालच्या देवीचे दर्शन झाले, वरून ठिबकणारे पाणी लोकांनी डोक्याला लावले. भीमकुंडावर पाण्याचा प्रचंड आवाज होता, पाणी नव्हते. भीमाने कीचकाला मारून येथे हात धुतले आणि कीचकदरा या नावावरून चिखलदरा झाले, ही कथा मी सांगितली. मुलांनी विचारले, कीचकाला कोणत्या बाजूला फेकले? मी पांढऱ्या पडद्याकडे बोट दाखवले. तेथेच कृषी केंद्रवाले माझ्याजवळ आले आणि अतिशय शांतपणे म्हणाले की माणशी घेतलेले पैसे परत मिळाले पाहिजेत, कारण जे दाखवण्याचे ठरले होते ते दाखवलेले नाही.

असे म्हणणारे पूर्वीही भेटले आहेत आणि हवामान आमच्या हातात नाही, हे माझे उत्तर ठरलेले आहे. त्यावर ते जे बोलले ते मात्र मला कोणी ऐकवले नव्हते. “भाऊ, माझ्या दुकानातलं सोयाबीन उगवलं नाही तर शेतकरी आभाळाकडे जात नाही, माझ्या काउंटरवर येतो. मी पाऊस पाडतो का? पण तो लेखी तक्रार करतो, तालुक्याची समिती शेतात येते, झाडं मोजते, पंचनामा करते. पिशवीवर सत्तर टक्के उगवण छापलेली असते, तिचा जाब मला द्यावा लागतो. तुमच्या पावतीवर किती टक्के दिसेल ते छापलंय का? आणि तुमच्या धंद्यात पंचनामा कोण करतं?”

मी म्हणालो, करू. खरे तर वाद मिटावा आणि गाडी पुढे निघावी म्हणून म्हणालो. पण निवृत्त कंडक्टरसाहेबांनी ते मनावर घेतले. आयुष्यभर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा तक्ता, भरलेला तो हात. त्यांनी मुलाच्या वहीतले पान मागून घेतले, उभ्या रेघा ओढल्या आणि रकाने पाडले: ठिकाण, वेळ, काय दिसले, काय ऐकू आले, निष्कर्ष. ‘देवी पॉइंट: कठडा दिसला. भीमकुंड: आवाज आला.’ बँकेतल्या मुलामुलींना हा खेळ इतका आवडला की पुढच्या प्रत्येक थांब्यावर ती मंडळी कठड्याला चिकटून उभी राहू लागली आणि किती फुटांपर्यंत दिसते यावर हुज्जत घालू लागली. या व्यवसायात राहून मी एवढ्या काळजीपूर्वक पाहणारे प्रवासी क्वचितच पाहिले आहेत, आणि ते काहीही दिसत नसलेल्या दिवशी.

जेवणानंतर मी क्रम बदलला. पॉइंटवर लांबचे पाहायचे असते, ते ढगात शक्य नाही. किल्ला हाताला लागतो, म्हणून गाडी गाविलगडाकडे वळवली. आजी गाडीतच थांबल्या. ढगात तो किल्ला उन्हातल्यापेक्षा चांगला वाटतो, असे माझे मत आहे: दहा पावलांवर अचानक दरवाजा उभा राहतो, त्यावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी वर मान केल्याशिवाय दिसत नाही आणि तट कोठे संपतो ते कळत नाही. अहमदशहा बहमनीने पंधराव्या शतकात येथे बांधकाम केले, पुढे अचलपूरच्या इमादशाहीने ते वाढवले आणि नंतर तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. मी १८०३ ची लढाई सांगितली. नोव्हेंबरच्या अखेरीस अडगावला भोसल्यांविरुद्ध जिंकल्यावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली या किल्ल्यावर आला, त्याच्या बाजूच्या स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून रस्ता काढत उत्तरेच्या अंगाला तोफा ओढून नेल्या, बाहेरच्या तटाला खिंडार पाडले आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. हे सगळे ऐकून कृषी केंद्रवाले एवढेच म्हणाले, “म्हणजे इंग्रजसुद्धा डिसेंबरात आले.” सगळे हसले. मीही हसलो, पण वाक्य बिनतोड होते. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा ‘शोधले’ असे आम्ही सगळे मार्गदर्शक सांगतो. तो ऑगस्टमध्ये आला असता तर त्याला काय सापडले असते, कोण जाणे.

शेवटचा थांबा हरिकेन पॉइंट, म्हणजे जाहिरातीतला. आजींच्या गुडघ्यांमुळे चालकाने गाडी शक्य तितकी पुढे नेऊन, खिडकी दरीकडे येईल अशी उभी केली आणि तो चहाला गेला. आम्ही सर्व कठड्याशी बराच वेळ उभे राहिलो. वारा पडला नाही, पांढरेपणा वाढला नाही. मी स्वतःच सांगितले की आज येथे काही होणार नाही. कंडक्टरसाहेबांनी ‘निरंक’ असे लिहिले. मंडळी रबडी खायला गेली, पाऊण तासाने गाडीत परतली आणि पंचनाम्यावर सह्या सुरू झाल्या. कागद आजींकडे गेला तेव्हा त्या म्हणाल्या, “मी काऊन सही करू? मले त दिसलं.”

काय दिसले, असे मुलाने विचारले. त्यांनी सांगितले: खोल दरी दिसली, पल्याडचा कडा दिसला, कड्यावरून पाणी पडत होते आणि पाण्याच्या उजव्या अंगाला काळी भिंत होती. “तुमी समदे तिकडं खाऊन रायले होते, तवा उघडलं.”

गाडीत शांतता पसरली, मग बँकेतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुलगा आईकडे पाहत राहिला. त्याची सगळी मागणी आईच्या नावाने उभी होती आणि तिनेच साक्ष फिरवली होती. कंडक्टरसाहेबांनी ‘निरंक’ खोडले, वर ‘एका प्रवाशास दिसले’ असे लिहिले आणि आजींचा अंगठा घेतला.

मी तेव्हापासून याच जागेवर अडकलो आहे. त्या पाऊण तासात उघडीप झाली असणे अशक्य नाही. हरिकेनला असे होते आणि आम्ही दुकानात पाठ करून बसलो होतो. पण मी रबडी न खाता दुकानाच्या पायरीवर उभा होतो आणि तेथूनही उघडीप झाली तर उजेडात फरक पडतो, तो मला जाणवला नव्हता. शिवाय आजींनी जे सांगितले ते सकाळी परतवाड्याहून निघताना मी सांगितलेलेच होते, त्याच क्रमाने, ‘उजव्या हाताला’सकट. ज्याने प्रत्यक्ष पाहिले तो सहसा असे सांगत नाही. तो काहीतरी भलतेच सांगतो, एखादे वाळलेले झाड, कड्यावरची माकडे. त्यांना खरोखर दिसले, की मुलाने दिवसभर धरलेला वाद त्यांना संपवायचा होता, की मी दिलेले चित्र पांढऱ्या पडद्यावर त्यांच्या डोळ्यांनी उभे केले, हे मला ठरवता आलेले नाही. चालकाला विचारले, तर तो म्हणाला की तो चहा पीत होता.

घाट निम्मा उतरल्यावर ढग डोक्यावर राहिला आणि खाली ओला पायनघाट दिसू लागला, संत्र्याच्या बागा आणि कपाशीची हिरवी वावरे. कोणीतरी विचारले, हे धरायचे का? कंडक्टरसाहेब म्हणाले, ठिकाणाच्या रकान्यात घाट नाही. निष्कर्षाचा रकाना शेवटपर्यंत रिकामाच होता. कृषी केंद्रवाल्यांनी तो आपल्या हाताने भरला: ‘पावसाळा’. मग मला म्हणाले, “आमच्याकडे पंचनाम्यात पावसाचा खंड असं लिहिलं की कंपनी सुटते, मी सुटतो, शेतकरी तेवढा अडकतो. आज मी शेतकऱ्याच्या जागी आहे, पण आईनं सही केली.” पैशांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मूळ कागद ते घेऊन गेले. माझ्याकडे त्याचा फोटो आहे.

तो फोटो मी मालकांना दाखवला आणि एकच गोष्ट मागितली: जाहिरातीतले चित्र बदला. ते ऑक्टोबरच्या अखेरचे आहे, हवा धुऊन निघाल्यानंतरचे. त्या दिवसांत आमची गाडी अर्धी रिकामी जाते आणि ज्या दोन महिन्यांत ते दृश्य दिसण्याची खात्री नसते, त्याच महिन्यांत ते दाखवून आम्ही सगळ्या जागा भरतो. पावसाळ्यात विकण्यासारखे चिखलदऱ्यात पुष्कळ आहे. ढगात उभे राहायला मिळणे हे वऱ्हाडातल्या माणसाला एरवी कोठे मिळते? तेच छापा, ढगातला किल्ला छापा. मालकांचे म्हणणे असे की पांढरा कागद पाहून कोणी पैसे भरत नाही. त्यांनी पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली आहे, हवामानास व्यवस्थापन जबाबदार नाही म्हणून. चित्र तेच आहे. मी आता परतवाड्यात गाडीत चढल्यावर वर काय दिसते ते सांगत नाही. किल्ल्यावर पोहोचेपर्यंत फक्त ढगाविषयी बोलतो, आणि त्याबद्दल मालकांची माझ्यावर नाराजी आहे.