कॅनडाचा व्हिसा नसलेला नायगारा

लेकीकडे न्यू जर्सीला दीड महिना राहिलो. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया सगळं झालं, फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. लिहायचंय ते नायगाराबद्दल, आणि तेही वॉशिंग्टनमधल्या.

आधी खरा नायगारा. टूरची बस, आठ तासांचा प्रवास, आणि उतरल्या उतरल्या गाइडनं बजावलं, "साडेतीन तासांत परत." बोटीत आम्ही सगळे निळ्या प्लास्टिकच्या रेनकोटात, पलीकडे कॅनडाच्या बोटीत सगळे लाल. हॉर्सशू, म्हणजे तो अर्धगोल मोठा धबधबा, नीट बघायचा तर तिकडूनच, हे बसमधल्या प्रत्येकानं आम्हाला ऐकवलं. आमच्याकडे व्हिसा फक्त अमेरिकेचा. अमेरिकेच्या बाजूच्या गोट आयलंड बेटावर, हॉर्सशूला लागून असलेल्या टेरापिन पॉइंटला कठड्याला रेलून उभी राहिले. पाणी अगदी शेजारून कोसळत होतं, पण लग्नाला जाऊन नवरीच्या पाठीमागे जागा मिळावी तसं. चष्म्यावर तुषार, मागून सेल्फीवाल्यांचे धक्के. मी चिडले होते. ह्यांनी मात्र शांतपणे डब्यातल्या दशम्या संपवल्या.

वॉशिंग्टनला नॅशनल गॅलरीत शिरलो ते कलेसाठी नव्हे. पाय दुखत होते, आत एसी होता, बाकं होती आणि तिकीट नव्हतं. एका दालनात वळले आणि दचकून चक्क मागे सरकले. पायाखाली जमीनच नाही! समोर नायगाराचं चित्र होतं. अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्चनं ते १८५७ साली काढलं. साडेसात फूट रुंद, उंची जेमतेम सव्वातीन फूट. पुढ्यात काठ नाही, खडक नाही, झाड नाही. थेट हिरवट पाणी, कड्याकडे निघालेलं, त्यात वाहत आलेला एक ओंडका आणि वर तुटक तुटक इंद्रधनुष्य. आणि सगळं कॅनडाच्या बाजूनं!

लेक फोनवर वाचून सांगत होती. आपल्याकडे मीरतला भडका उडाला त्याच मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये लोक २५ सेंट मोजून हे एकटं चित्र बघायला येत होते, कुणी कुणी दुर्बीण घेऊन. तेव्हाही नायगाराच्या काठावर हॉटेलं आणि गिऱ्हाईक ओढणारे दुकानदार होतेच म्हणे. चर्चनं ते सगळं गाळलं. लबाडीच, पण मला मनापासून पटली. मीही त्या सेल्फीवाल्यांना गाळलं असतं.

एक बांधकाम मात्र मला दिसलं. डावीकडे, दूरवर, करंगळीच्या नखाएवढा दगडी बुरूज. "आई, हा टेरापिन टॉवर. १८७०च्या दशकात पाडला. तू उभी होतीस ना, तिथेच होता." मी पुढे झुकले. बुरुजावर माणसासारखा एक ठिपका दिसल्यासारखं वाटलं. तेवढ्यात गार्डनं हात करून मागे व्हायला सांगितलं.

बाकावर बसून पुन्हा बघितलं. मी ज्या जागेवर रुसून उभी होते ती जागा चर्चच्या चित्रात होती, पार टोकाला, त्या ठिपक्याएवढी. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "मग माझा डबा कुठाय?"

चित्राचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत पुण्याहून नणंदबाईंचं उत्तर: "वा! कॅनडालाही जाऊन आलात? बोलला नाहीत ते."