चिमूटभर रेती

परवा दुपारी कपाट आवरताना निळी छत्री सापडली. उघडली तर घड्यांतून चिमूटभर तांबूस रेती फरशीवर सांडली.

ऑगस्टात ॲरिझोनातली नॅशनल पार्कं बघायला निघालो तेव्हा ही छत्री मी गाडीत टाकली होती. वाळवंटात छत्री! घरात अजून हसतात. पण आधी हसले होते मी. तिथल्या हवामान खात्याने ‘मान्सून’ १५ जून ते ३० सप्टेंबर असा तारखांत बांधून टाकलाय. टूसॉनला वर्षाकाठी बारा इंचसुद्धा पडत नाही, आणि म्हणे मान्सून! आपला शब्द पळवला, असंच वाटलं. (शब्द मुळात अरबी. तेव्हा सुचलं नाही.)

पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये दुपारी ढग जमले. लांबवर पावसाची करडी झालर लोंबत होती, पण जमिनीला टेकतच नव्हती. खालची हवा इतकी कोरडी की सर वाटेतच विरते. याला व्हर्गा म्हणतात. मला आई आठवली. गच्चीवर वाळवण असलं की तिचा अर्धा जीव आभाळात. जरा अंधारलं की स्वयंपाकघरातून हाक यायची, “पोरांनो, कुरडया!” जुन्या लुगड्याची चार टोकं धरून आम्ही जिना उतरायचो, वाटेत अर्धओल्या तोंडात टाकत. निम्म्या वेळा पाऊस यायचाच नाही. मग पुन्हा वर. त्या झालरीखाली आईने आम्हाला दिवसभर जिन्यावरच ठेवलं असतं.

झालर बघताना उन्हासाठी छत्री उघडली, ती वाऱ्याने उलटी झाली. रेती तेव्हाचीच असणार.

तिथे पडलेले ओंडके वीस कोटी वर्षांहून जुने. नद्यांनी वाहून आणले, गाळात गाडले आणि लाकडाचा दगड झाला. तेव्हा तिथे पाऊस भरपूर होता म्हणे.

पुढे दक्षिणेला सवारो पार्क. निवडुंग पाणी पिऊन पेटीच्या भात्यासारखे फुगतात, ते बघायचं होतं. रस्ता मध्येच खोल उतरतो, तिथे पाटी: पाणी असल्यास शिरू नका. खाली ठणठणीत रेती. “काढ छत्री,” नवरा म्हणाला. तासाभराने परतलो तर त्याच ओहोळातून चॉकलेटी पाणी फांद्या घेऊन धावत होतं. आमच्यावर एक थेंब नाही. पाऊस कुठे डोंगरात झालेला. वाऱ्यावर वास आला, पण मातीचा नव्हे. क्रिओसोटच्या झुडपांचा, डांबर आणि औषध यांच्या मधला. मी उगाच खट्टू झाले.

तिथे कायदाच आहे, बोलीत त्याला ‘मूर्ख वाहनचालक कायदा’ म्हणतात: अडथळा ओलांडून पाण्यात अडकलात तर सुटकेचा खर्च तुमचा. पुढच्या पिकअपमधल्या म्हाताऱ्याने इंजिन बंद करून टोपी डोळ्यांवर ओढली. आम्हीही थांबलो. दीड तास, मांडीवर कोरडी छत्री.

पेट्रिफाइड फॉरेस्टमधून दगडाचा कपचाही उचलायला मनाई आहे. तरी लोक चोरून नेतात, आणि पुढे कित्येक जण माफीच्या पत्रासकट परत पाठवतात. रेती अजून फरशीवरच आहे. पाकिटात भरावी म्हणतेय, पण पत्रात काय लिहू?