वाळवंटात गाडी बंद पडली तर?

सोसायटीच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, हा प्रश्न ठरलेला असतो. परवा शेजारच्या काकूंनीही विचारलं, "एवढ्या लांब वाळवंटात जाता, आजूबाजूला माणूस नाही. गाडी बंद पडली तर रे?" जिन्यात उभ्या उभ्या उत्तर पुरं झालं नाही. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

बंद पडते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पडली होती, जैसलमेरच्या नैऋत्येला, खुरीच्या पुढच्या टेकड्यांत. माझी जुनी जिप्सी आणि ठाण्याच्या मित्राची थार अशा दोन गाड्या, आम्ही पाच जण आणि वाट दाखवणारा तिथलाच एक माणूस. एकटी गाडी वाळूत घालायची नाही, हा नियम आम्ही आजवर मोडलेला नाही.

वाळूत ताकद लागते असं सगळ्यांना वाटतं. त्याआधी टायरमधली हवा सोडावी लागते. डांबरी रस्त्यावर २८-३० पौंड असेल तर वाळूत आम्ही १५-१६ ठेवतो. टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. त्याहून फार खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटतो. थांबायचं असेल तर ब्रेक दाबायचा नाही, चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. उतारावर तोंड करून गाडी आपोआप थांबू द्यायची. आणि वाळूत उगवणाऱ्या सेवण गवतावरून चाक न्यायचं नाही. ते वाळू धरून ठेवतं, शिवाय सोलापूरजवळच्या नान्नजला आपण जवळजवळ गमावलेला माळढोक पक्षी तिकडे याच गवतात अजून टिकून आहे.

त्या दिवशी सकाळपासून क्लच सोडला की खालून 'टक्' असा आवाज येत होता. दुपारी एका चढावर तो 'खडखड' झाला आणि मी गाडी जागीच थांबवली. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणाऱ्या फिरत्या नळीचा, क्रॉस गेला होता. क्रॉस म्हणजे तिच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. आमच्यातल्या ज्या मित्राला गाडीच्या पोटातलं कळतं, तो आधीच आडवा झाला होता. वाळूत जॅक उभा राहत नाही, खाली रुततो. त्यासाठी मी आजीचा सागवानी पाट गाडीत ठेवतो. ज्या पाटावर लहानपणी जेवलो, त्यावर जॅक लावला. चाकांच्या पुढेमागे फळ्या रुतवल्या, खाली चादर पसरली, कारण वाळूत पडलेला नट पुन्हा सापडत नाही. निघालेला प्रत्येक बोल्ट पोह्यांच्या रिकाम्या डब्यात टाकला.

जादाचा क्रॉस होता, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेला. तरी तो तिथे बसवला नाही. त्याच्या टोकांवरच्या कपात सुईएवढे बारीक रोलर असतात. त्यात वाळूचा एक कण गेला की नवा क्रॉसही वाया. तो मोह टाळला, हे त्या दिवशीचं सगळ्यात शहाणपणाचं काम. आम्ही मागचा शाफ्टच काढून घेतला, पुढचे हब लॉक केले, म्हणजे पुढची चाकं ताकदीला जोडली, दांडा फोर व्हीलमध्ये टाकला. जिप्सी आता फक्त पुढच्या चाकांवर चालणार होती. मऊ वाळूत तेवढ्यावर भागत नाही, म्हणून थारने दोराने ओढलं. दोर चासीच्या हुकालाच लावायचा. टोइंगच्या गोळ्याला लावला आणि तो गोळा तुटला, तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. दोरावर जाड गोधडी टाकली, तुटलाच तर त्याचा फटकारा मरावा म्हणून. कडक वाटेवर आल्यावर जिप्सी स्वतःच्या चाकांनी जैसलमेरला गेली. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये शेगडीजवळ बसून आम्ही चहा प्यायलो आणि कारागिराने शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून क्रॉस दाबून बसवला.

पण काकू, खरं उत्तर त्या जुन्या क्रॉसमध्ये होतं. कप उघडल्यावर आत ग्रीस नव्हतंच, तांबडी भुकटी होती. गंज. वाळवंटात गंज कुठून येणार? तो जुलैत आला होता. दादरजवळ हिंदमाताला पाणी भरलेलं असताना मी गाडी त्यातून काढली होती. ते पाणी कपाच्या तोंडाचं सील ओलांडून आत शिरलं, पाच महिने आत राहिलं आणि खुरीला बाहेर आलं. पाणी ओसरल्यावर लगेच ग्रीस भरलं असतं तर जुनं पाणी ग्रीसबरोबर बाहेर पडलं असतं. अर्ध्या तासाचं काम.

तेव्हापासून पाण्यातून गाडी काढली की पुढच्या रविवारी मी तिच्याखाली असतो. वॉचमन टॉर्च धरतो. प्रत्येक निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर, ग्रीसगन लावून सीलच्या चारही बाजूंनी स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारत राहायचं. आधी दुधाळ पांढरट ग्रीस येतं, ती पाण्याची खूण. मग हळूहळू रंग बदलतो. परवा तुम्ही खिडकीतून पाहिलंत ना मला, चादरीवर आडवा पडलेला? तेच चाललं होतं.