वीस शिलिंगांचा खटला

जॉन हॅम्पडन इंग्लंडमधला चांगला गडगंज जमीनदार. तरी 1637 मध्ये तो कोर्टात भांडला ते स्टोक मँडेव्हिल गावातल्या जमिनीवरच्या 20 शिलिंगांच्या करासाठी, म्हणजे फक्त एका पौंडासाठी. कर होता 'शिप मनी'. युद्धाचा धोका असला की राजाने बंदरांकडून जहाजं मागायची, ही जुनी रीत. राजा पहिल्या चार्ल्सने 1635 मध्ये ती सगळ्या देशाला लावली, तीही संकटाचं कारण देऊन, पार्लमेंटला न विचारता. हॅम्पडनच्या बकिंगहॅमशर परगण्याला समुद्रच नाही, तरी मागणी आली 450 टनांच्या जहाजाची, नाहीतर 4,500 पौंडांची!

हॅम्पडनचा वकील ऑलिव्हर सेंट जॉन याने राजाला त्याच्याच हुकमातल्या तारखांत पकडलं. हुकूम ऑगस्टचा, जहाज हवं पुढच्या मार्चला, मध्ये सात महिने. पार्लमेंट बोलवायला तेव्हा 40 दिवसांची सूचना पुरायची. मग संकट इतकं तातडीचं होतं तर वेळ कसा उरला? मला तरी हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

1638 मध्ये निकाल लागला: 12 पैकी 7 न्यायाधीश राजाच्या बाजूने. पण पाच जण विरोधात गेले हेच लोकांच्या लक्षात राहिलं. वसुली घसरत गेली, वसुली करणारे शेरीफ हैराण झाले. 1641 मध्ये पार्लमेंटने करच बेकायदा ठरवला.