शिवड्याच्या कल्ल्यांतली 'नवी' जात

बाजारात गोदावरीचा शिवडा आला की मी मासा घेत नाही, त्याचे कल्ले मागतो. मासे विकणाऱ्या मावशी सुरुवातीला "मांजर पाळलंय का सर?" असे विचारत, आता त्या काही न विचारता कल्ले बर्फासह पिशवीत घालून देतात. बर्फ हवाच, कारण मासा मेल्यावर मी ज्यांचा अभ्यास करतो ते कल्ल्यांवरचे परजीवी चपटकृमीही फार काळ तग धरत नाहीत आणि कुजू लागलेल्या कृमीवरून जात ठरवणे अशक्यच असते.

प्रयोगशाळेत कल्ल्याची एक कमान कापून ती पेट्री डिशमधल्या पाण्यात ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक तंतू बाजूला सारायचा. बराच वेळ काहीच दिसत नाही. मग लाल तंतूच्या कडेला जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा, पारदर्शक, मागच्या टोकाने घट्ट रुतलेला आणि डोक्याकडून चाचपडणारा जीव हलतो. त्याच्या डोक्याजवळ चार काळे नेत्रबिंदू असतात. हा थापारोक्लीडस. जैन यांनी 1952 साली ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) शिवड्यावरच्याच कृमीवरून प्रस्थापित केली आणि लखनौचे कृमिशास्त्रज्ञ थापर यांच्या सन्मानार्थ तिला हे नाव दिले.

या कृमींची जात ठरते ती मुख्यतः मागच्या टोकावरील दोन जोड्या मोठ्या आकड्यांवरून (म्हणजे कल्ल्यात रुतणाऱ्या हुकांवरून), त्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांवरून, कडेच्या चौदा बारीक आकड्यांवरून आणि समागमाच्या अवयवाच्या कठीण भागांवरून. मऊ शरीर आखडते, ताणते, औषधात बदलते. कठीण भाग त्या मानाने टिकून राहतात. म्हणून काही कृमी अमोनियम पिक्रेट आणि ग्लिसरीनच्या मिश्रणात आकड्यांसाठी ठेवायचे, काही कारमाइनने रंगवून आतल्या इंद्रियांसाठी, आणि काही डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये.

चार वर्षांपूर्वी मला एकाच शिवड्यावर दोन 'नव्या' जाती सापडल्या होत्या. एकीच्या आकड्याचे मूळ रुंद आणि टोक आखूड होते, दुसरीचे मूळ अरुंद आणि टोक लांब वळलेले. मी मापे घेतली, आकृत्या काढल्या, नावांचाही विचार सुरू केला (हा मोह अनावर असतो, हे मान्य करतो). नंतर त्याच कल्ल्यावरचा आणखी एक कृमी आच्छादन काचेखाली हलक्या हाताने सरकवत असताना आकडा कुशीवर वळला आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या जातीची दुसरी जात झाली. दोन्ही आकृत्या एकाच आकड्याच्या होत्या. फरक होता तो पाहण्याच्या कोनाचा आणि काचेवर पडलेल्या दाबाचा.

तेव्हापासून शिवड्यावरच्या जातींची जुनी वर्णने मी वेगळ्या नजरेने वाचतो. एका माशाच्या कल्ल्यांवर एकाच प्रजातीच्या अनेक जाती खरोखरच नांदू शकतात, त्यामुळे नुसती नावांची संख्या पाहून शंका घेणे योग्य नव्हे. परंतु जिथे एकदोन नमुन्यांवरून, एकाच कोनातून काढलेल्या आकृतीवर जात उभी केली आहे आणि मूळ नमुना कुठे ठेवला आहे याचा पत्ता नाही, तिथे पुढच्या अभ्यासकाला तुलना कशाशी करावी हेच कळत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मिळालेल्या कृमींचे आकडे कोणत्याच जुन्या वर्णनाशी जुळत नाहीत. माझ्याकडे असे अकरा नमुने आहेत, तेही तीन वेगवेगळ्या माशांवरचे. स्लाइडच्या चिठ्ठीवर तूर्त पेन्सिलीने 'थापारोक्लीडस, जाती?' एवढेच लिहिले आहे, आणि मावशींना आणखी कल्ले राखून ठेवायला सांगितले आहे.