तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे पाय मारूनही मूल पुढे का सरकत नाही?

मी मुलांना पोहायला शिकवतो. तलावाच्या काठावर पालक मला हमखास विचारतात, "सर, किकबोर्ड (हातात धरून फक्त पाय मारायची तरंगती फळी) घेतला की हा इतके पाय मारतो, पाणी उडवतो, तरी जागचा हलत नाही. पायात जोर नाही का त्याच्या?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "घरी रोज घोटे दाबून दिले तर?"

जोर बहुतेक मुलांमध्ये असतो. अडतं ते घोट्यात. फ्रीस्टाइलची, म्हणजे पोटावर पडून हात आळीपाळीने फिरवत पोहण्याची, किक खुब्यापासून सुटते आणि मांडी, गुडघा, नडगी करत पावलापर्यंत पोचते. पाय खाली जाताना पाण्याच्या दाबाने पाऊल मागे वळलं, थोडं आतही झुकलं, तर त्याची वरची बाजू पाणी मागे ढकलते आणि मूल पुढे जातं. घोटा ताठ राहिला तर चवडा पाण्यात आडवा येतो आणि सगळी मेहनत पाणी खाली दाबण्यात जाते. वर्षानुवर्षं धावणारी, सायकल चालवणारी धडधाकट माणसं पोहायला येतात, तेव्हा किकबोर्डवर कधी कधी चक्क मागे सरकतात, तेही याच कारणाने.

घरी बघायचं असेल तर मुलाला जमिनीवर पाय लांब करून बसवा आणि गुडघे न वाकवता चवडे पुढे ताणायला सांगा. सर्वसाधारण माणसाचा घोटा असा साधारण 50 अंशांपर्यंत वळतो. ज्यांची किक चांगली असते त्यांचं पाऊल नडगीच्या रेषेत उतरतं. ऑलिम्पिक विजेता जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या लवचीक घोट्यांची इतकी चर्चा झाली ती उगाच नाही. शर्यतीत उडी आणि टर्ननंतर (भिंतीशी वळल्यावर) पाण्याखाली 15 मीटरपर्यंत जाता येतं, तिथे हात स्थिर असतात आणि सगळा वेग डॉल्फिन किकमधून, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारलेल्या किकमधून, काढावा लागतो.

पण घोटे दाबून देणं, मुलाच्या पावलांवर बसणं, हे कृपा करून करू नका. बेल्जियममधल्या संशोधकांच्या 2014 सालच्या एका अभ्यासात स्पर्धेत उतरणाऱ्या मुलामुलींच्या घोट्यांना टेप लावून हालचाल कमी केली, तेव्हा डॉल्फिन किकचा वेग घटला. टेप नसताना मात्र घोटा जितका लवचीक तितका वेग जास्त, असं काही दिसलं नाही. वेगाशी नातं दिसलं ते घोट्याच्या स्नायूंच्या ताकदीचं. तलावावर मला हेच दिसत आलंय. घोटा मोकळा हवाच, पण एका मर्यादेनंतर वळलेलं पाऊल सांभाळणारे स्नायू कामाला येतात. जबरदस्तीने ताणलं तर घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (हाडं जोडणारे पट्टे) दुखावतात आणि मग साधं पळतानाही पाय मुरगळत राहतो. मुलाची उंची झपाट्याने वाढत असताना तर पोटऱ्या आधीच आखडलेल्या असतात.

मी मुलांना वज्रासन सांगतो. गुडघे दुखत नसतील तर टाचांवर शांत बसायचं, मग हात मागे टेकून गुडघे जरासे उचलायचे. ताण पावलाच्या वरच्या बाजूला जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. त्यानंतर रबर बँड अडकवून पाऊल पुढे-मागे, आत-बाहेर, सावकाश. पाण्यात छोटे फिन्स (पावलात घालायचे रबरी पंख) चांगले, पाऊल कुठे वळायला हवं ते पायालाच कळतं. आणि चवडा मुद्दाम ताणून धरायचा नाही, पोटरीत गोळा येतो. मी काठावरून दिवसभर ओरडतो ते एवढंच, "घोटा सैल सोड!"

ब्रेस्टस्ट्रोकचं, म्हणजे बेडकासारखे पाय मारत पोहण्याचं, गणित मात्र उलटं. तिथे पाऊल नडगीकडे ओढून बाहेर वळवावं लागतं, म्हणून टाचा टेकवून उकिडवं बसता यायला हवं. कमोड आणि टेबल-खुर्चीत वाढलेल्या बऱ्याच मुलांच्या टाचा आता खाली बसताना उचलल्या जातात. अशांना मी पाण्यात उतरण्याआधी कठडा धरून उकिडवं बसायला लावतो, आणि पालकांना सांगतो की घरी अभ्यासाला अधूनमधून जमिनीवर बसवा.